भुताला लॉजिक विचारणाऱ्या समीक्षकांना खुलं पत्र

समस्त मराठी वृत्तपत्रांतल्या चित्रपट समीक्षक मंडळींना,
स. न. वि. वि.

पत्र कुणा एकाला लिहिलेलं नाहीये, त्यामुळे आपलं नाव शोधत बसू नका. वीकेंडला पेपरात जे जे कोणी सिनेमांना स्टार वाटतात त्या सगळ्यांना आहे. मी तुमचा जुना वाचक, म्हणजे अजूनही कागदाचा पेपर घेणारा, आणि मला जे सिनेमे आवडतात ते तुमच्या दीड-दोन स्टारवाल्या खात्यातले. भुताचे, मारामारीचे, खुनाच्या तपासाचे आणि येड्यासारख्या हसवणाऱ्या कॉमेड्या. असे सिनेमे लागले की मी आधी तुमचं परीक्षण वाचतो आणि मग तिकीट काढायचं की नाही ते ठरवतो, निदान ठरवायचा प्रयत्न करतो, पण गेली काही वर्षं असं व्हायला लागलंय की परीक्षण अख्खं वाचून संपतं तरी सिनेमा भीतीदायक आहे की नाही हेच कळत नाही. भुताचा सिनेमा आणि त्याची भीती वाटते का हेच लिहिलेलं नाही, बोला आता.

त्याऐवजी काय असतं ते तुम्हालाही माहितीये. अर्ध्याहून जास्त जागा गोष्ट सांगण्यात जाते. मग "पूर्वार्ध रेंगाळतो मात्र उत्तरार्धात सिनेमा पकड घेतो" किंवा याच्या बरोब्बर उलट. मग "छायाचित्रण नेत्रसुखद, पार्श्वसंगीत साजेसं, संकलनाला अजून कात्री लावता आली असती". मग प्रत्येक नटाला एक वाक्य, सहायक भूमिकेत अमुकतमुक यांनी योग्य साथ दिलीये. आणि शेवटी ते अजरामर वाक्य, डोकं बाजूला ठेवून पाहिल्यास दोन घटका करमणूक. हे वाक्य तुम्ही प्रेमाने लिहीत असाल कदाचित, पण आम्हाला ते झापण्यापेक्षा जास्त लागतं. झापलं तर निदान बघून झापलं असं तरी वाटतं. डोकं बाजूला ठेवा म्हणजे काय? भीती डोक्यातच तयार होते हो, हसू पण तिथेच येतं, खुनी कोण हे पण आम्ही तिथेच शोधत असतो. डोकं घरी ठेवून रहस्यपट बघायचा कसा ते एकदा करून दाखवा.

मला वाटतं खरी गडबड अशी आहे की या सिनेमांचं परीक्षण तुम्ही करतच नाही. तुम्ही एकतर त्यांना माफ करता नाहीतर शिक्षा करता. "लॉजिक शोधू नका" ही माफी आणि "लॉजिकचा पत्ता नाही" ही शिक्षा, सिनेमा तोच असला तरी चालतं, त्या दिवशी मूड कसा होता त्यावर. कबड्डीची मॅच बघायला जाऊन कव्हर ड्राइव्ह कुठे दिसलाच नाही म्हणून नाराज व्हायचं तसला प्रकार आहे हा. भूतपटाला लॉजिक असतंच, पण ते त्याचं स्वतःचं असतं. भुताला काय करता येतं, काय नाही, ते कशाला घाबरतं, हे नियम सिनेमा आपल्याला सांगतो आणि मग ते पाळतो का मोडतो यावर सगळा खेळ असतो. तात्या विंचूला गोळ्या घालून काही होत नाही, दोन भुवयांच्या मध्ये गोळी लागली तरच तो मरणार, हा नियम एकदा सांगितला की शेवटची मारामारी नुसती मारामारी राहत नाही, बघणारं पोरगं मनातल्या मनात ओरडत असतं की कपाळावर मार, कपाळावर मार. लॉजिक लॉजिक म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

आता तात्या विंचूचं नाव निघालंच आहे तर जरा थांबतो, कारण हा माझा आवडता विषय आहे. महेश कोठारेंचा 'झपाटलेला' आला १९९३ साली. बाहुल्यात गुंडाचा आत्मा शिरतो ही कल्पना १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकन सिनेमातली, हे आज शाळेतल्या पोराला पण माहितीये. अशा सिनेमावर परीक्षण लिहायचं तर "हॉलिवूडची उचल" एवढं लिहून पेन खाली ठेवता येतं, आणि बरेच जण ठेवतातच. पण उचल असूनही तो बाहुला इतका आपला कसा झाला हा खरा इंटरेस्टिंग प्रश्न आहे, आणि तो विचारायचं काम समीक्षकाचं, आमचं नाही. आता बघा, अमेरिकेतला बाहुला दुकानात विकत मिळणारं खेळणं आहे, पोरांना टीव्हीवर जाहिरात दाखवून विकलेलं. कोठारेंनी काय केलं, लक्ष्मीकांत बेर्डेच्या लक्ष्याला शब्दभ्रमकार केलं. बोलका बाहुला! महाराष्ट्रात बोलका बाहुला म्हटलं की अर्धवटराव, य. के. पाध्यांपासून रामदास पाध्यांपर्यंत चालत आलेली गोष्ट, गॅदरिंगला, गणपतीत, टीव्हीवर सगळ्यांनी बघितलेली. आणि तात्या विंचूचा बाहुला केला कोणी, तर रामदास पाध्येंनीच. आवाज आणि माणसाच्या रूपातला तात्या, दिलीप प्रभावळकर. म्हणजे ज्या बाहुल्याकडे बघून आपण लहानपणापासून हसत आलो तोच एक दिवस मालकाचं ऐकेनासा होतो आणि स्वतःचं स्वतः बोलायला लागतो. भीती तिथे आहे! उसनी कल्पना आपल्या अंगणात आणून लावली आणि ती रुजली. एवढं एका परिच्छेदात लिहायला जागा लागत नाही, नायकाच्या आईवडिलांचे व्यवसाय आणि गावाचं नाव गाळलं की झाली जागा.

कॉमेडीचंही तेच. दादा कोंडक्यांचे सलग नऊ सिनेमे पंचवीस आठवडे चालले, गिनीज बुकात नोंद आहे त्याची. 'सोंगाड्या' १९७१ चा, लिहिला वसंत सबनीसांनी, दादरच्या कोहिनूरमध्ये तो लागावा म्हणून शिवसेनेला मध्ये पडावं लागलं हा किस्सा तर सगळ्यांना पाठ आहे. पण दादांच्या बाबतीत शिष्ट मंडळींची गाडी द्वयर्थी संवादांच्या स्टेशनावरच अडकली. अश्लील की नाही, बस. आता ते संवाद आवडणं न आवडणं ज्याच्या त्याच्याकडे, मला स्वतःला शेवटच्या काळातले हिंदी सिनेमे अजिबात झेपत नाहीत, पण दादा आले कुठून? 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्यातून. वगाच्या आधी जी बतावणी असते, दोघं तिघं उभे राहून शब्दाला शब्द भिडवतात, समोरच्याच्या वाक्याचा भलताच अर्थ काढतात, भोळेपणाचा आव आणून वाट्टेल ते बोलून जातात, ती अख्खी परंपरा त्या लोंबत्या नाडीच्या चड्डीत उभी होती. कुणी लिहावं ना की बतावणीतलं टायमिंग पडद्यावर आणताना दादा कॅमेरा कुठे ठेवतात, क्लोजअपमध्ये विनोद पडतो का उठतो. नाही, त्यापेक्षा नाक मुरडायला सोपं.

पुढे लक्ष्या-अशोक-सचिन-महेश यांची लाट आली तिलाही "धांगडधिंगा" हा एकच शब्द पुरला. आज 'अशी ही बनवाबनवी' च्या वाढदिवसाला दर सप्टेंबरला पेपरात कौतुकाचे लेख येतात, अशोक सराफांना महाराष्ट्र भूषण मिळाला, २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, सगळीकडे "विनोदाचा बादशहा". चांगलंच आहे, मिळायलाच हवं होतं. पण अशोकमामांचं टायमिंग काही गेल्या पाच-सात वर्षांत सुधारलेलं नाहीये, तेव्हाही तेच होतं आणि पब्लिकला तेव्हाच दिसत होतं. विनोदाचं वय वीस-तीस वर्षं झाल्याशिवाय त्याला कला म्हणायचं नाही असा काही नियम आहे का तुमच्यात?

'शोले' चं उदाहरण देऊन देऊन गुळगुळीत झालंय, तरी देतो, पण वेगळ्या कारणासाठी. १५ ऑगस्ट १९७५ ला लागला, सुरुवातीची परीक्षणं थंड, एका इंग्रजी नियतकालिकात तर 'विझलेला निखारा' असं छापून आलं, आणि मग मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरला पाच वर्षं चालला. समीक्षक चुकले आणि पब्लिक जिंकलं हे सांगण्यात मला रस नाहीये, पब्लिकही चुकतं, फालतू सिनेमांनी पण कोट्यवधी कमावलेत. मला सांगायचंय ते फिल्मफेअरचं. इतक्या मोठ्या सिनेमाला त्या वर्षी एकच फिल्मफेअर मिळालं, संकलनाचं, आणि ते मिळालं एम. एस. शिंदे यांना. मराठी माणूस! ठाकूरच्या घरातलं ते हत्याकांड आठवा, झोक्याची करकर, गोळी, माणूस पडता पडता फ्रेम गोठते, परत गोळी. रक्त फारसं न दाखवता पोटात गोळा येतो, तो सगळा कापाकापीचा हिशोब आहे. मारधाडीच्या सिनेमात कला असते ती तिथे, संकलकाच्या टेबलावर, आणि त्या वर्षी सिनेमाच्या बाकी कुठल्याच गोष्टीला नाही पण निदान तिला बक्षीस मिळालं. तुमच्या परीक्षणात संकलनाला मिळतं काय, तर "अजून कात्री लावता आली असती". दर आठवड्याला. अहो, कुठे लावता आली असती ते तरी सांगा, कुठला सीन, का? फाइट चालू असताना कोण कुठे उभा आहे हे कळतं का, फटका कुठून आला आणि कुणाला बसला हे दिसतं का, की नुसता कॅमेरा हलवून गोंधळ उडवलाय, हे मला तिकीट काढायच्या आधी जाणून घ्यायचंय.

सगळ्यात जास्त राग येतो ती गोष्ट आता. भयपट वाईट असला की तो भयपट असतो आणि चांगला निघाला की म्हणे "हा निव्वळ भयपट नाही, त्यापलीकडे जाणारा सिनेमा आहे". म्हणजे भयपटाच्या खात्यात कायम खर्चच, जमा कधी नाहीच! 'तुंबाड' घ्या. राही अनिल बर्वेंचा, २०१८ चा, व्हेनिस चित्रपट महोत्सवातल्या क्रिटिक्स वीक या विभागाची सुरुवात त्याने झाली होती, तो मान मिळालेला पहिला भारतीय सिनेमा. जो तो लिहायला लागला की हा लोभावरचा सिनेमा आहे, रूपक आहे, स्वातंत्र्यपूर्व काळाचं अमुक आहे. आहेच की. पण आधी तो भुताचा सिनेमा आहे, त्यात हस्तर नावाचा अधाशी, शापित देव आहे, पिठाच्या बाहुलीवर झडप घालणारा, आणि पिठाच्या रिंगणाबाहेर पाय पडला की संपलं. रूपक डोक्यात बसतं कारण देवीच्या त्या लालभडक गर्भात उतरताना आपले तळहात ओले होतात. भीतीच वाटली नसती तर लोभाचं रूपक कोणी चाटलं असतं? भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांच्या कथांचा धागा त्या सिनेमात आहे, त्याबद्दल मराठी पेपरांनी तर पानंच्या पानं लिहायला पाहिजे होती, पण धारपांना आपल्या साहित्यवाल्यांनीही कायम पंगतीच्या शेवटच्या पाटावर बसवलं, मग सिनेमावाल्यांना काय बोलायचं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तुंबाड परत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा केला. मग सगळे "कल्ट" म्हणायला लागले.

'लपाछपी' चंही तसंच. विशाल फुरियांचा, पूजा सावंत आणि उषा नाईक. सामाजिक संदेश देणारा म्हणून त्याचं कौतुक करणं सोपं आहे, स्त्रीभ्रूणहत्येचा विषय आहेच, आणि तो सिनेमा संदेशाशिवाय उभाही राहत नाही हे कबूल. पण त्याने केलेली भारी गोष्ट म्हणजे ऊस! भुताच्या सिनेमाला काळोख लागतो, वाडा लागतो, पाऊस लागतो आणि इथे भर दिवसा, ऊन असताना, उसाच्या फडात भीती. पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही माणसाला विचारा, डोक्याच्या वर गेलेल्या उसात चार सऱ्या आत शिरलं की दिशा कळत नाही, आवाज कुठून येतोय कळत नाही. आपल्या रोजच्या बघण्यातल्या पिकाचं असं भूत कुणी केलं नव्हतं. पुढे त्याचा हिंदीत 'छोरी' झाला २०२१ ला. मराठी भयपटाचा हिंदी रिमेक, हे काय रोज होतं का?

आणि इथेच तुमच्याकडे जे आहे ते इंग्रजी पेपरातल्या समीक्षकाकडे नाहीये. आदित्य सरपोतदारांचा 'मुंज्या' आला २०२४ मध्ये, शंभर कोटींच्या वर गेला. मुंज्या कोण हे इतरांना समजावून सांगावं लागलं, मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत मेलेल्या पोराचं भूत, पिंपळावर राहणारं. तुम्हाला तर आजीने सांगितलेलं असणार. हडळ, जखीण, खवीस, चकवा, गिऱ्हा, वेताळ, कोकणातला देवचार, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, राहायची जागा वेगळी, कोण त्रास देतं आणि कोण राखण करतं ते वेगळं. एवढं सगळं घरचं ज्ञान असताना परीक्षणात काय येतं, "व्हीएफएक्स बरे आहेत". बरे आहेत म्हणजे? सिनेमातला मुंज्या आपल्या ऐकीवातल्या मुंज्यासारखा वागतो का, हट्टी, लहान पोराचा अर्धवट राग असलेला, लग्नाच्या मागे लागलेला, का त्याचा नुसता कार्टून केलाय, यावर मला मराठी समीक्षकाचं मत पाहिजे. ते मला दुसरीकडे कुठेच मिळणार नाही.

याच सरपोतदारांनी २०२२ मध्ये डोंबिवलीत झोंबी आणले होते, 'झोंबिवली'. नावावरूनच हसून सोडून देण्यासारखा वाटतो. पण झोंबीचा सिनेमा अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या सिनेमापासून समाजाबद्दल बोलत आलेला आहे, रोमेरोने १९७८ मध्ये झोंबी शॉपिंग मॉलमध्ये घुसवले तेव्हा तो कुणाची टिंगल करत होता हे आंधळ्यालाही दिसतं. आणि इथे टॉवर आणि त्याच्या शेजारची वस्ती. तो सिनेमा सगळा जमलाय असं मी म्हणत नाही, मध्ये चांगलाच ढेपाळतो, पण ढेपाळतो कुठे हे सांगायला झोंबीपट म्हणजे काय असतं हे माहिती असावं लागतं ना. क्रिकेट कव्हर करणाऱ्या पत्रकाराला लेग बिफोर समजत नसेल तर संपादक त्याला पाठवेल का मॅचला?

बाहेरचे लोक शहाणे आहेत असंही नाही हां. जॉन कार्पेंटरचा 'द थिंग' १९८२ मध्ये आला, बर्फात अडकलेली माणसं आणि कुणाचंही रूप घेणारा प्राणी. न्यूयॉर्क टाइम्सच्या व्हिन्सेंट कॅन्बी यांनी त्याला 'इन्स्टंट जंक', म्हणजे झटपट कचरा म्हटलं. ते रबर, चिकट द्रव, तुटलेले अवयव बघून त्यांना किळस आली. त्या प्राण्यापेक्षा आपल्यातलाच कुणीतरी तो असेल हा संशय जास्त भयंकर आहे आणि सगळा सिनेमा त्या संशयावर चाललाय, हे बाजूलाच राहिलं. तो आज भयपटांच्या कुठल्याही यादीत वरच असतो. कॅन्बी काही ऐरेगैरे नव्हते, तरी झालं. कारण किळस आली की पुढचं दिसत नाही, आणि तुमच्यातल्या काहींना हा अख्खा प्रकारच किळसवाणा वाटतो. वाटू दे. पण मग तो सिनेमा दुसऱ्या कुणाला तरी बघायला द्या की, ऑफिसात एखादा ट्रेनी पोरगा असेलच ज्याने असले पन्नास सिनेमे बघितलेत.

आता तुमची बाजू. मला कळतं की जागा तीनशे-चारशे शब्दांची, त्यात स्टारचा चौकोन, त्यात नावांची यादी. सकाळी प्रिव्ह्यू थिएटरमध्ये बाकीच्या पत्रकारांबरोबर बसून, हातात कॉफी घेऊन भूतपट बघायचा आणि दुपारपर्यंत मजकूर द्यायचा. तिथे कोण किंचाळणार? कॉमेडी बघताना पण तिथे कुणी मोठ्याने हसत नसेल, शेजारी बसलेला काय म्हणेल म्हणून. म्हणून म्हणतो, असले सिनेमे तरी एकदा तिकीट काढून संध्याकाळच्या शोला बघा, पोरंटोरं असतील तिथे, शिट्ट्या असतील. विनोदावर हशा येतो का आणि आला तर पुढचं वाक्य ऐकू येईपर्यंत दिग्दर्शकाने जागा सोडलीये का, हे भरलेल्या थिएटरातच कळतं.

आणि ते दुसरं टोक पण बंद करा प्लीज. मराठी सिनेमा आहे, धाडसी प्रयत्न आहे, म्हणून अर्धा स्टार जास्तीचा. मराठीत सायफाय केलं, द्या साडेतीन. मी मराठी सिनेमाला शुक्रवारीच जातो कारण सोमवारी त्याचे शो राहतील याची गॅरंटी नसते, चौघांचं तिकीट आणि पॉपकॉर्न मिळून दीड-दोन हजाराला फोडणी बसते, आणि आत गेल्यावर कळतं की साडेतीन स्टार प्रयत्नाला होते. पुढच्या वेळी मी तुमच्यावर विश्वास ठेवून जात नाही, आणि मार खातो तो पुढचा खरंच चांगला सिनेमा. तुमची दया त्याला महाग पडते.

जास्त काही मागत नाहीये. भुताचा असेल तर घाबरलात का ते लिहा, कुठे घाबरलात, दचकवून घाबरवलं का हळूहळू. हसवणारा असेल तर एक तरी विनोद का चालला किंवा का पडला ते. झापायचं तर त्या जातीचे चांगले सिनेमे कुठले आणि हा त्यांच्यापुढे कुठे कमी पडला ते सांगून झापा, मी स्वतः टाळ्या वाजवीन. बाकी ते आशयघन वगैरे दर आठवड्याला नसलं तरी चालेल.

आपला नम्र,
दोन स्टारवाले सिनेमे आवडीने बघणारा एक वाचक

ता. क. : रहस्यपटाच्या परीक्षणात "शेवटचा धक्का अनपेक्षित आहे" असं लिहीत जाऊ नका. ते वाचलं की आम्ही पहिल्या मिनिटापासून सगळ्यात भोळ्या दिसणाऱ्या माणसावर नजर ठेवून बसतो आणि निम्म्या वेळा तोच निघतो.